कुड्याची साल घेऊन पनवेलला

पनवेलला कोणी जात नाही. पनवेलवरून जातात. आमच्या पाटण भागातली निम्मी माणसं मुंबईला आहेत, आणि त्या सगळ्यांनी पनवेल पाहिलंय ते एसटीच्या खिडकीतून, हातात वडापाव धरून. मी मात्र मे महिन्यात मुद्दाम पनवेललाच गेले आणि चांगला मुक्काम करून आले. काय काय बघितलंस, असं कोणी विचारलं की मी सांगते, एका यंत्राचा पडदा बघितला. मग लोक विषय बदलतात. म्हणून लिहून काढते आहे. वाचताना विषय बदलायची सोय नसते.

आधी जाण्याचं कारण. पाटणच्या अलीकडे आमची एक पत्र्याची शेड आहे. रानातून येणारी औषधी साल, मुळ्या, फळं आम्ही तिथे वाळवतो, दळतो आणि औषध कंपनीला देतो. आम्ही म्हणजे मी, माझ्या सासूबाई (त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो) आणि कामाला येणाऱ्या गावातल्या बायका. नवरा शाळेत मास्तर आहे, त्यामुळे त्याला सगळं माहीत असतं आणि काही करावं लागत नाही.

आमचा मुख्य माल पांढऱ्या कुड्याची साल. वैद्य तिला कुटज म्हणतात आणि जुलाबावर देतात. चव अशी, की एकदा जीभ लावणारा दुसऱ्यांदा आजारी पडायला धजत नाही. हा कडूपणा तिच्यातल्या अल्कलॉइडांचा. किड्यांनी आपल्याला खाऊ नये म्हणून झाड ही द्रव्यं तयार करतं. त्यांनी किडा मरतो आणि बेताने घेतली तर माणूस बरा होतो. कुड्यातल्या मुख्य अल्कलॉइडचं नाव कोनेसीन. हे सगळं मला पूर्वी माहीत नव्हतं. कंपनीचा ई-मेल आल्यावर शिकावं लागलं.

ई-मेल फार सभ्य होता. एवढा सभ्य ई-मेल आला, की समजावं, निर्णय झालेला आहे. आमच्या कुटज चूर्णाच्या ताज्या मालात एक अनोळखी अल्कलॉइड सापडलं होतं. सालीत दुसऱ्या कुठल्यातरी झाडाची भेसळ असावी, असा त्यांना संशय होता. बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन सोमवारी त्यांच्या खारघरच्या कार्यालयात समाधानकारक खुलासा करा, नाहीतर पुरवठादारांच्या यादीतून आमचं नाव निघेल. आमचं दुसरं मोठं गिऱ्हाईक नाही. नाव निघालं की शेडला कुलूप लागणार आणि बायकांना पुन्हा विटांच्या भट्टीवर जावं लागणार, हे सांगायला ई-मेल लागत नव्हता.

कुड्यात भेसळ होते ती काळ्या कुड्याची. झाडं दिसायला चुलतभाऊ, पण काळ्यात औषधी ऐवज नाही. पण आमच्याकडे येणारं प्रत्येक पोतं मी स्वतः उघडते, साल मोडून बघते, चाखते. चाखून चाखून माझा स्वभाव तसा झालाय, असं नवरा म्हणतो. तेव्हा माझी खात्री होती, की चूक कंपनीच्या यंत्राची आहे. दोन पिशव्या भरल्या, एकीत अख्खी साल आणि दुसरीत त्याच सालीचं, परत आलेल्या मालातलं चूर्ण, आणि निघाले.

गुरुवार, विचुंबे

विचुंब्याला माझ्या थोरल्या नणंदबाई राहतात, म्हणजे आमच्या वन्सं. काही वर्षांपूर्वी त्यांनी इथे फ्लॅट घेतला तेव्हा गॅलरीतून डोंगर दिसतो म्हणून घेतला. इमारतीच्या नावातही डोंगर आहे. आता समोर दुसरी इमारत झाली आहे, तिच्याही नावात डोंगरच आहे. दोन्हीकडच्या गॅलऱ्यांतून एकमेकांची वाळत घातलेली धुणी दिसतात. आमच्याकडे शेजारच्याच्या घरात काय शिजलं ते वासावरून कळतं. इथे बनियनवर किती भोकं आहेत तेही कळतं, पण बनियनवाल्याचं नाव माहीत नसतं.

वन्संचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, निवृत्त झाल्यापासून सोसायटीचे सचिव आहेत. ते सुपारीचं खांडही खात नाहीत. सोसायटीच्या वॉचमननी तंबाखू सोडावी म्हणून त्यांनी व्याख्यान ठेवलं होतं. व्याख्यान इतकं चाललं, की मधेच दोघं वॉचमन तंबाखू मळायला बाहेर गेले. ही हकिकत दाजीच सांगतात, आणि हसत नाहीत.

मी माझ्या पिशव्या फ्रीजमध्ये ठेवल्या, वर चिठ्ठी लावली आणि झोपले. सकाळी बघते तर चूर्णाची पिशवी उघडी आणि शेजारी चमचा.

"दाजी, हे कोणी उघडलं?"

"मी. रात्री पोट बिघडलं होतं. तुमचं कुटज घरात असताना डॉक्टरकडे कशाला जायचं?"

"अहो, तो तपासणीचा माल आहे. त्यात काय सापडलंय ते अजून कळायचंय."

"तुमच्या हातचं आहे ना? मग झालं," दाजी म्हणाले. "बाकी गुण छान आला. एकदम घट्ट."

वन्संनी मला बाजूला घेतलं. "वहिनी, त्यांना काही होणार तर नाही ना?"

"झालं तर कंपनीला कळवू," मी म्हटलं. "त्यांना पुरावाच हवाय."

उरलेलं चूर्ण दुसऱ्या पिशवीत भरलं आणि ती पिशवी पर्समध्ये ठेवली. पुढे सगळा मुक्काम ती पर्समध्येच राहिली.

शुक्रवार, कळंबोली

प्रयोगशाळा कळंबोलीला लोखंडबाजाराच्या कडेला होती. रिक्षावाले पाटील इकडचेच, आगरी. त्यांचं शेत केव्हाच कुठल्यातरी प्रकल्पात गेलेलं, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याला ते प्रकल्प दाखवतात.

"त्या बाजूला विमानतल हाय," ते म्हणाले. "डोंगर हुता तिथं. कापला."

"तुम्ही बसलात का विमानात?"

"मी कशाला बसू? मना कुठं जायचाय? जायचा तुमाला असतंय." मग पर्सकडे बघून म्हणाले, "ताई, पिशवी घट्ट धरलीय. सोना हाय का?"

"झाडाची साल आहे. कुड्याची."

"कुऱ्याची? आमी त्याची फुला खातो. भाजी करतान." मग थोडा विचार करून म्हणाले, "साल चोराला मुंबईवरनं कोन येनार नाय. हात मोकला सोरा."

लोखंडबाजारात सळया उतरवण्याचा आवाज असा येतो, की माणूस आपोआप भांडणाच्या सुरात बोलतो. या गदारोळात, जगातली अतिसूक्ष्म गोष्ट मोजणारं यंत्र पहिल्या मजल्यावर बसवलेलं. खाली ट्रकचे टायर. जिन्यात ग्रीसचा वास. वर गेलं की काचेचं दार, आत थंडगार आणि चपला बाहेर. देवळासारखंच, फक्त इथे घंटेऐवजी पंपाची घरघर.

प्रयोगशाळा डॉ. रूथ वावेकर यांची. माझ्याच वयाच्या, कापलेले केस, कॉटनचा पंजाबी ड्रेस, वर पांढरा कोट. त्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू; मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. नातेवाईक बरेचसे इस्रायलला गेले, या राहिल्या. का राहिलात, असं मी विचारल्यावर म्हणाल्या, "यंत्राचे हप्ते चालू होते." तिथेच आमचं जमलं.

"इथे लोखंडबाजारात का टाकलीत?" मी विचारलं.

"भाडं कमी. आणि गिऱ्हाईक भांडायला आलं तरी ऐकू येत नाही. आणलंय काय?"

त्यांनी चूर्णातून चिमूटभर घेऊन ते कसल्याशा द्रवात हलवलं, गाळलं आणि यंत्रात लावलं. मग मला समजावून सांगितलं. मी ते माझ्या शब्दांत सांगते, चुकलं तर दोष माझा.

हा द्रव आधी एका बारीक नळीतून दाबाने ढकलतात. नळीत एक चिकट भुकटी भरलेली असते. हे लग्नाच्या हॉलसारखं आहे. एका दारातून सगळे एकदम आत जातात, पण दुसऱ्या दारातून बाहेर एकेक येतात. ज्यांना यजमानांशी घेणंदेणं नाही ते जेवून लगेच निघतात. जवळचे असतात ते रेंगाळतात. तसे रेणू आपापल्या चिकटपणाप्रमाणे वेगवेगळ्या वेळी नळीबाहेर येतात. बाहेर आले, की त्यांना विजेचा धक्का देऊन हवेत उडवतात आणि उडत असताना त्यांचं वजन करतात. वजन म्हणजे ग्रॅमात नव्हे. रेणूत किती आणि कोणते अणू आहेत त्यावरून येणारा आकडा. पडद्यावर प्रत्येकाची एक सुई उभी राहते. लग्नातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दारातच काट्यावर उभं करावं, तसं. आमच्याकडे हे सुरू झालं तर लग्नाला येणारे निम्म्याने कमी होतील.

पडद्यावर तीनशे सत्तावनला उंच सुई उभी राहिली.

"हे तुमचं कोनेसीन," रूथताई म्हणाल्या. "भरपूर आहे. काळा कुडा असता तर हे असं दिसलं नसतं. साल खरी आहे."

"मग मी कंपनीला तेच सांगत होते."

"थांबा." त्यांनी पडदा मागे सरकवला. एकशे त्रेसष्टला दुसरी सुई होती. बुटकी, पण निर्लज्जपणे उभी. "हे तुमच्या कुड्यातलं नाही."

"मग कुठलं?"

"अंदाज आहे. अंदाज मी सांगत नाही."

"आधी तुमच्या यंत्रातच नसेल कशावरून?"

मला वाटलं होतं, त्या रागावतील. पण त्यांनी सरळ नुसता द्रव, साल न घालता, यंत्रातून पाठवला. एकशे त्रेसष्टला काही नाही. सपाट. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, हे मला जास्त लागलं.

एवढ्यात घड्याळाकडे बघून त्या उठल्या आणि आवराआवर करायला लागल्या. ऊन अजून डोक्यावर होतं.

"आता?"

"आज शुक्रवार. सूर्य मावळायच्या आत घरी पोचायचं असतं. उद्या शब्बाथ, बंद. रविवारी या."

"सोमवारी मला खुलासा द्यायचाय."

"म्हणूनच रविवारी या म्हटलं. रविवारी सगळं पनवेल झोपलेलं असतं आणि मी उघडी असते." मग माझं तोंड बघून म्हणाल्या, "तुम्ही आता नुसत्या चिडणार. त्यापेक्षा जेवायला चला."

रूथताईंचं घर जुन्या पनवेलमध्ये, सिनेगॉगपासून चालत जाण्याइतकं. घरात त्या आणि त्यांची म्हातारी आई. आईने डोक्यावरून पदर घेऊन दिवे लावले, मनुका भिजवून केलेलं सरबत पेल्यात ओतलं, प्रार्थना म्हटली आणि मग तो पेला सगळ्यांत फिरला. आमच्याकडे तीर्थ तळहातावर देतात, इथे पेल्यातून. नंतर नारळाच्या दुधातली सुरमईची आमटी आणि भात. कोलंबी त्यांना चालत नाही. खवला असलेला मासाच चालतो. पाटणला नदीचा मासा खाऊन वाढलेल्या मला ती आमटी इतकी आवडली, की कंपनी, सोमवार आणि एकशे त्रेसष्ट हे तिन्ही मी दुसऱ्यांदा भात घेईपर्यंत विसरले.

जेवणानंतर मी पुन्हा विषय काढला, तेव्हा म्हातारीच म्हणाली, "आता कामाचं नाही गं बाई. देवाने जग केलं, तोही सातव्या दिवशी बसला. तुझी साल काय त्याहून मोठी?"

आमचे देव सुट्टी घेत नाहीत, म्हणून आमच्या बायकांनाही मिळत नाही.

शनिवार

काही करायचं नसलं की मी बाजारात जाते. वन्संना घेऊन जुन्या पनवेलच्या बाजारात गेले. रानातून आलेल्या कातकरी बायका पानावर भाज्यांचे वाटे मांडून बसल्या होत्या, आणि त्यांत खरंच कुड्याची पांढरी फुलं होती. ज्या झाडामुळे माझी झोप उडाली, त्याची फुलं वन्संनी घासाघीस करून घेतली आणि कांदा घालून परतली. चव बरी आहे. कडसर. दाजींनी तीनदा वाढून घेतली आणि कुटजाचे गुण यावर बोलले. त्यांचं पोट आता इतकं बरं होतं, की वन्सं त्यांच्यासाठी एरंडेल शोधत होत्या.

दुपारी मी घरी फोन केला. आत्याबाईंना सालीबद्दल एकेक विचारलं. कोणाची पोती, कुठे वाळवली, कधी दळली.

"सगळं तुझ्या समोर तर झालंय," आत्याबाई म्हणाल्या. "त्या मशिनला काय कळतंय? माझ्या हयातीत कुड्यानं कुणाला फसवलं न्हाई."

रविवार, पुन्हा कळंबोली

रविवारी लोखंडबाजार बंद होता. शांतता इतकी, की कळंबोलीला कबुतरं आहेत हे मला तेव्हा कळलं.

रूथताईंनी आज अख्खी साल घेतली. माझ्यासमोर ती धुतलेल्या खलात कुटली आणि यंत्रात लावली. तीनशे सत्तावन उंच, एकशे त्रेसष्ट गायब. पुन्हा चूर्ण लावलं. एकशे त्रेसष्ट हजर.

"म्हणजे झाडात नाही आणि रानातही नाही," त्या म्हणाल्या. "साल तुमच्या शेडमध्ये आल्यानंतर आणि चूर्ण होऊन बाहेर पडायच्या आत हे शिरलंय."

मी स्टूल ओढून बसले. तोवर चोर कोणीतरी बाहेरचा होता.

"पण ते आहे काय?"

"एकशे त्रेसष्ट वजनाचे एकाहून जास्त असतात. वजन सारखं म्हणजे माणूस तोच असं नाही. म्हणून आता याला फोडायचं."

यंत्रात तशीही सोय आहे. हव्या त्या वजनाचा रेणू तेवढा पकडायचा, त्याच्यावर वायूचा मारा करून तुकडे करायचे आणि तुकड्यांची वजनं करायची. प्रत्येक रेणू आपल्या ठरलेल्या सांध्यांवरच तुटतो, त्यामुळे तुकड्यांवरून ओळख पटते. एकशे तीस, एकशे सतरा, चौऱ्याऐंशी. मग रूथताईंनी कपाटातून एक इवलीशी बाटली काढली, तिच्यातला शुद्ध नमुना यंत्रात सोडला. तो नळीतून त्याच वेळी बाहेर आला आणि त्याच तुकड्यांत फुटला.

"निकोटीन," त्या म्हणाल्या. "तंबाखू. तुमच्याकडे शेडमध्ये तंबाखू कोण खातं?"

"कोणीही नाही. मी बोर्ड लावलाय. दंड आहे. सगळ्या बायकांची तोंडं मी रोज बघते."

"साधी तंबाखूही नाही ही." त्यांनी अगदी खालच्या दोन सुया मोठ्या करून दाखवल्या. "ही दोन द्रव्यं तंबाखू भाजली की वाढतात. हे मात्र अंदाजाने सांगते, अहवालात लिहिणार नाही. पण विडी म्हणावी तर राख दिसली असती. तंबाखू भाजायची आणि मग दळायची, असं कोण करतं?"

प्रश्न विचारून त्या थांबल्या. खालून एक ट्रक गेला. मग आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. हा प्रश्न जगातल्या दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत विचारला असता तर महिनाभर संशोधन चाललं असतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही दोन बायकांना उत्तर माहीत आहे.

"मिश्री," मी म्हटलं.

"माझी आजी लावायची," रूथताई म्हणाल्या. "तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची. घरभर ठसका."

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: तंबाखू तव्यावर जाळून तिची पूड करतात आणि बायका ती बोटाने दातांना लावतात. दात घासण्याच्या नावाखाली दिवसातून कितीही वेळा घासता येतात. तंबाखू खाणाऱ्या नवऱ्याला शिव्या देताना तोंडात मिश्री असली तरी चालते, कारण ती तंबाखू समजली जात नाही.

मी जिन्यात जाऊन फोन लावला.

"आत्याबाई, मिश्री कुठं दळता?"

"कसली मिश्री? मी सोडली की."

"यंत्रात निघालीय."

मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"मनगट दुखतंय गं," आत्याबाई शेवटी म्हणाल्या. "खलबत्ता उचलवत न्हाई. तुझी चक्की मोकळीच तर असती रविवारी. आन मी नंतर फडक्यानं पुसून घेती की."

फडक्याने पुसलेलं पनवेलला दिसतं, हे त्यांना पटवण्यात अर्थ नव्हता. मी वर आले. माझ्या डोक्यात एकच विचार चालू होता: साल चांगली आहे, कोनेसीन भरपूर आहे, आणि कंपनीला मी काय सांगणार, सासूची मिश्री?

"रूथताई, अहवालात फक्त कोनेसीनचं लिहिलं तर? साल अस्सल आहे, एवढंच. ते खोटं नाही ना?"

"खोटं नाही." त्या टाइप करत होत्या, वळल्या नाहीत. "पण कंपनीकडे त्यांचा पडदा आहे. त्यांनी एकशे त्रेसष्ट बघितलंय. माझ्या अहवालात ते नसेल तर त्यांना वाटेल, या बाईला दिसलं नाही, नाहीतर हिने लपवलं. मग माझं कोनेसीनही ते मानणार नाहीत. तुमची साल वाचवायची असेल तर मिश्री लिहावीच लागेल. म्हणजे निकोटीन. मिश्री तुम्ही तोंडाने सांगा."

हिशेब बरोबर होता. चिडण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून जास्तच चीड आली.

विचुंब्याला परतल्यावर वन्संना सांगितलं. त्या आईच्या बाजूने बोलावं की नवऱ्याच्या काळजीत पडावं या पेचात होत्या. दाजींना ऐकू गेलं होतं.

"म्हणजे," दाजी हळूहळू म्हणाले, "मी तंबाखू खाल्ली?"

"अगदी कणभर," मी म्हटलं. "त्या कणाने काही होत नाही. आणि गुण आला होता, तुम्हीच म्हणालात."

ते गॅलरीत जाऊन समोरच्या बनियनांकडे बघत उभे राहिले. वन्सं मला म्हणाल्या, "वहिनी, सोसायटीत बोलू नका हं."

सोमवार, खारघर

खारघरला सगळं उंच आणि रुंद आहे. रस्ते एवढे रुंद, की पलीकडे जायचं तर डबा घेऊन निघावं. कंपनीचं कार्यालय काचेच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. गुणवत्ता विभागाचे अधिकारी देसले. वयाने माझ्याहून लहान, बोलणं अर्धं इंग्रजी.

"मॅडम, आमच्या टीमला वाटतं हे डेलिबरेट आहे," ते म्हणाले. "कुठलातरी चीप प्लांट मिक्स केलाय. एक्झॉटिक अल्कलॉइड आहे. आम्ही लायब्ररीत शोधतोय."

"लायब्ररीत नाही मिळणार," मी म्हटलं आणि अहवाल पुढे ठेवला. "निकोटीन आहे. अख्ख्या सालीत नाही, चूर्णात आहे. चक्कीतून आलंय."

त्यांनी वाचलं. परत वाचलं. "निकोटीन चक्कीत कसं येईल?"

"माझ्या सासूबाईंनी त्याच चक्कीत मिश्री दळली."

शेजारच्या टेबलावरची मुलगी टाइप करायची थांबली.

"तुम्ही जळगावकडचे का?" मी विचारलं.

"धुळे."

"मग मिश्री काय ते समजावून सांगायला नको."

"नको," ते म्हणाले. आवाज जरा खाली आला होता. "पण मॅडम, इथे फॉर्ममध्ये रूट कॉज लिहावं लागतं. आता मी काय लिहू? मदर इन लॉ?"

"लिहा. खरं आहे."

"वर ऑडिटर वाचतात."

"त्यांनाही असतीलच."

शेवटी त्यांनी 'उपकरणाचा अन्य कामासाठी अनधिकृत वापर' असं काहीतरी लिहिलं. आत्याबाईंचं एवढं भारदस्त वर्णन आजवर कोणी केलं नसेल. मग आत वरिष्ठांशी बोलायला गेले. मी काचेतून खाली बघत बसले. इतके दिवस मी भेसळवाल्याला शोधत होते आणि तो माझ्या घरात, माझ्याच चुलीवर तवा ठेवून बसला होता. आता या काचेच्या खोलीत ठरणार होतं, की त्याची शिक्षा सगळ्या बायकांनी भोगायची का.

देसले परत आले. साल अस्सल आहे हे त्यांनी मान्य केलं होतं. दळलेला सगळा माल आमच्या खर्चाने नष्ट करायचा. दूषित चक्की औषधाच्या कामातून कायमची काढायची, तसं लेखी द्यायचं. नव्या चक्कीत दळलेला नमुना पाठवायचा. त्यात एकशे त्रेसष्टला सुई दिसली तर नाव निघालं. नाही दिसली तर राहिलं.

"थँक्यू," मी म्हटलं.

"मॅडम," ते जिन्यापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "घरी फोन करून विचारायला पाहिजे. माझी आई मसाला कुठे दळते ते."

पाटण

वाटेत मी आत्याबाईंना काय काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होते. साताऱ्यापर्यंत भाषण तयार होतं. शेडमध्ये पाऊल टाकलं तर सगळ्या बायका ओळीने उभ्या. मी पर्स खाली ठेवायच्या आत शेवंता म्हणाली, "वहिनीबाय, म्हातारीला बोलू नगा. माझीबी त्यातच दळलीय."

मग कमल म्हणाली, तिचीही. मग रुक्मिणी. मग सगळ्याच. रविवारी मी माहेरी किंवा बाजारात असले, की शेडमागे तवा चढायचा आणि एकीपाठोपाठ एकीची पूड चक्कीतून निघायची. माझा बोर्ड त्यांनी पाळला होता. बोर्डावर खायची मनाई होती. दळण्याबद्दल मी काही लिहिलं नव्हतं.

माझं भाषण एका सासूपुरतं बेतलेलं होतं. एवढ्या जणींना पुरलं नसतं. मी तेवढंच सांगितलं, की माल खड्ड्यात जाणार आहे, नवी चक्की कर्जाने येणार आहे, आणि पुढचा नमुना फसला तर आपण सगळ्या भट्टीवर, मीसुद्धा. दुसऱ्या दिवशी त्यांनीच खड्डा खणला.

नवी चक्की आली. तिला मी वेगळी खोली बांधली, कुलूप घातलं आणि पहिला नमुना आधी रूथताईंकडे पाठवला. त्यांचं उत्तर आलं: तीनशे सत्तावन उत्तम, एकशे त्रेसष्टला सपाट. कंपनीकडूनही तेच कळलं. नाव राहिलं.

जुनी चक्की तशीच कोपऱ्यात पडून होती. औषधाला ती चालणार नाही, असं मी सहीनिशी लिहून दिलेलं. विकायला काढली तर कोणी भंगाराच्या वर बोलेना. एका रविवारी मी बाजारातून लवकर परत आले. शेडमागे तवा धुमसत होता आणि चक्कीपाशी आत्याबाई उभ्या होत्या, मनगटाला फडकं बांधून. मला बघून बायका पांगायला लागल्या. आत्याबाई हलल्या नाहीत.

"ह्या मशिनीत औषध दळायचं न्हाई, असं तूच लिहून दिलंयस ना?" त्या म्हणाल्या.

"दिलंय."

"मग?"

मी नव्या खोलीचं कुलूप ओढून बघितलं. घट्ट होतं. आत्याबाईंनी बटण दाबलं.

"सरक मागं," त्या म्हणाल्या. "ठसका लागंल."

मी मागे सरकले.